मंजुळाबाईला विचारायचं राहिलं होतं

मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. पासपोर्टचे फोटो, बारशी, लग्नं, यावर आमचं घर चाललं आणि अजून चालतं. पण वर्षातून एकदोनदा मी शटर ओढते, कॅमेरा गळ्यात अडकवते आणि कुठेतरी निघते. रस्त्याकडेला पालं टाकून राहणारी, फडावर ऊस तोडणारी, बाजार उठल्यावर सांडलेलं वेचणारी माणसं, यांचे फोटो काढते. ते कुणी मागत नाही. मला काढावेसे वाटतात म्हणून काढते.

या दिवाळीनंतर मी नाशिकला गेले ती मात्र एका जुन्या फोटोपायी. सात वर्षांपूर्वी, हिवाळ्यातच, मी तिथे शुभांगीकडे उतरले होते. शुभांगी माझी कॉलेजातली मैत्रीण, गंगापूर रोडला राहते. एका दुपारी पंचवटीत फिरताना पेठ फाट्याजवळच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीची पालं दिसली. पश्चिमेकडच्या डोंगरातून द्राक्षबागांच्या कामाला उतरणारी माणसं तिथे मुक्काम करतात. एका पालासमोर एक बाई बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला, एक हात गालावर, डोळे अर्धे मिटलेले, पुढ्यात रिकामं पातेलं. मी रस्त्याच्या पलीकडूनच लांबच्या लेन्सने तिचा फोटो काढला. तिला कळलंही नाही.

त्या फोटोला मी नाव दिलं ‘भूक’. तो कोल्हापुरात लागला, पुण्यात लागला, त्याला एक बक्षीसही मिळालं. लोक त्याच्यासमोर उभे राहून गप्प होत आणि मला ते आवडे. आता शुभांगी आणि तिच्या ग्रुपने नाशिकमध्ये माझ्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं, निमंत्रणाच्या कार्डावर हाच फोटो छापला, तेव्हा प्रथमच माझ्या डोक्यात आलं की ही बाई याच गावात कुठेतरी असेल. तिला शोधावं, फोटोची एक मोठी प्रत द्यावी. परवानगी मागावी असं माझ्या मनात नव्हतं. मला तिला खूश करायचं होतं, आणि तिला खूश झालेली पाहून स्वतःला जरा बरं वाटून घ्यायचं होतं.

पेठ फाटा, पंचवटी

प्रदर्शनाला सहा दिवस होते. सकाळी शुभांगीने मला मिसळ खाऊ घातली. नाशिकची मिसळ म्हणजे थाट असतो. पापड काय, दही काय, शेवटी जिलबीसुद्धा. आमच्याकडे तर्रीने नाकातून पाणी आलं नाही तर मिसळ खाल्ली असं मानत नाहीत. इथे लोक मिसळ खाऊन हसतमुखाने उठतात. “तू गंगेवर जाऊन ये आधी,” शुभांगी म्हणाली. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. पण मी रिक्षा केली ती थेट पेठ फाट्याला.

सात वर्षांपूर्वीच्या त्या मोकळ्या जागेला आता कंपाउंड घातलेलं होतं. पण फाट्यावर मजूर अड्डा तसाच भरलेला होता. बाया-पुरुष आपापले डबे आणि कोयते घेऊन उभे होते. मुकादमांचे टेम्पो येत होते, माणसं चढत होती. मी चारपाच बायांच्या एका घोळक्याजवळ गेले आणि पिशवीतून फोटो काढला.

“आमचा नको काढू बाई,” एकीने आधीच सांगून टाकलं. “आज आंघोळ नाय केली अजून.”

“तुमचा नाही काढत. ही कोण ओळखता का?”

फोटो हातोहात फिरला. एकीला ती आपली नणंद वाटली, दुसरीला तिच्या गावची सरपंचीण. मग सगळ्या हसायला लागल्या, कारण सरपंचीण भलतीच जाड होती म्हणे. एका वयस्क बाईने मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“ही तर मंजुळा हाय. रामदास भोयेची बायको. आमच्या खालच्या पाड्याची.”

“आज आली असेल का कामाला?”

“ती नाय येत आता. दोन वर्सं झाली. बंधारा झाला ना त्यांच्याकडं, भाजीपाला करत्यात. नाशिकला कशाला येतील मरायला?” तिने फोटो परत दिला. “दुपारची पेठची गाडी धर. पेठवरनं जीप भेटंल. पन ही अशी का बसली हे?”

मी म्हटलं, “तेच विचारायला चाललेय.” खरं तर तोपर्यंत माझ्या मनात तो प्रश्न आलेलाच नव्हता. उत्तर मी सात वर्षांपूर्वीच दिलेलं होतं.

सावळ घाटाच्या पलीकडे

आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमच्याकडे जमीन सपाट, काळी आणि उसाने भरलेली, लांबवर बघायला काही मिळत नाही. पेठच्या वाटेवर सावळ घाट लागला आणि एसटीच्या खिडकीला डोंगर अगदी खेटून आले. सागाची पानं वाळून कागदासारखी झाली होती. भाताची कापणी होऊन गेलेली, बांधावर पेंढ्या रचलेल्या, आणि उतारांवर अजून कुठे कुठे खुरासणीचा, म्हणजे आमच्याकडच्या कारळ्याचा, पिवळा तुकडा राहिलेला. ऊन स्वच्छ होतं. मला फार दिवसांनी विनाकारण बरं वाटत होतं.

पेठला जीप मिळाली. तिने जिथे सोडलं तिथून पाडा अर्ध्या तासाच्या अंतरावर, असं सांगितलं गेलं. डोंगरातल्या माणसांचा अर्धा तास म्हणजे आपला सव्वा तास हे मला माहीत होतं, पण दरवेळी मी विसरते. एक ओहोळ ओलांडताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि दगडांमधून डुगडुगत निघून गेला. वरचा भाग पिशवीत टाकून पुढची वाट मी एक पाय बुटात आणि एक पाय मोज्यात अशी चालले. समोरून डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बाया आल्या. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि माझ्या मागून बराच वेळ त्यांचं हसू ऐकू येत राहिलं.

पाड्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पंधरावीस घरं, बहुतेक कुडाची, शेणाने सारवलेली, वर कौलं. एका घरापुढच्या खळ्यावर नागलीची, म्हणजे नाचणीची, मळणी संपत आली होती. बैल सोडलेले होते आणि एक बाई सुपाने धान्य उपणत होती. वारा पडला की ती थांबे आणि तोंडाने बारीक शीळ घालून वाऱ्याला बोलवे. मी तिला तिच्या उभं राहण्यावरून ओळखलं नसतं. माझ्या फोटोतली बाई म्हातारपणाकडे झुकलेली होती. ही चाळिशीची, सरळ पाठीची आणि दणकट होती.

“मंजुळाबाई का?” मी विचारलं.

तिने आधी माझ्या मोज्याकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवलं, घरात गेली, आणि स्वतःच्या रबरी चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या. “घाल ह्या. काटा भरंल. पानी देते.” इथे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, सासऱ्याला आणि सरकारी साहेबालाही. त्यात अनादर नसतो. दोन मिनिटांत मलाही त्याची सवय झाली.

पाणी झालं, कोरा चहा झाला. आमच्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न असतो, जेवलासा का? मंजुळाबाईने विचारलं, “किती दिस ऱ्हाशील?” मी कोण, कुठली, कशाला आले हे तिने नंतर विचारलं.

‘भूक’

घरात चौघंजण होतो. मंजुळाबाई, तिचा नवरा रामदास, मुलगी वैशाली आणि मी. वैशाली नाशिकला कॉलेजात शिकत होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची, आणि मळणीसाठी चार दिवस घरी आली होती. मी सगळं सांगितलं. फोटो कधी काढला, तो कुठे कुठे लागला, लोकांना किती आवडला. मग पिशवीतून मोठी प्रत काढून मंजुळाबाईच्या हातात दिली आणि प्रदर्शनाचं कार्ड वैशालीला.

मंजुळाबाईने फोटो मांडीवर ठेवला आणि पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

“अरे, बघ,” ती नवऱ्याला म्हणाली. “माझी दाढ.”

रामदास वाकून बघू लागला. त्यालाही हसू फुटलं.

“दाढ?” मी विचारलं.

“लय दुखत होती त्या दिशी. तीन दिस झोप नव्हती. ह्यानं दुसऱ्या दिशी सरकारी दवाखान्यात नेऊन काढवली.” तिने तोंड उघडून मला उजवीकडची रिकामी जागा दाखवली. “बोंबलाचं कालवन होतं. सगळ्यांनी पातेलं चाटूनपुसून खाल्लं आन मी नुसती बघत बसले. चावायलाच येईना.”

मी त्या पातेल्याकडे पाहिलं. हजारो वेळा पाहिलेलं पातेलं. त्याच्या कडेला बोटाने पुसून घेतल्याच्या रेघा होत्या. त्या मी प्रत्येक वेळी पाहिल्या होत्या आणि त्यांचा अर्थ उलटा लावला होता.

वैशाली हसत नव्हती. ती कार्ड वाचत होती.

“आई, इथे खाली ‘भूक’ लिहिलंय,” ती म्हणाली.

“काय लिवलंय?”

“भूक. म्हणजे तू उपाशी आहेस असं.” तिने माझ्याकडे पाहिलं. “हे कार्ड कुठे वाटलंय?”

“शुभांगीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, कॉलेजांमध्ये वाटलंय. गंगापूर रोडला बॅनर लागलाय.”

“आमच्या कॉलेजातही?”

“बहुतेक.”

तिने कार्ड पालथं करून ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, “असते आमच्याकडे भूक. श्रावणात जुनं धान्य संपतं आणि नवं आलेलं नसतं, तेव्हा मी पाहिलीय. पण तेव्हा आई अशी बाहेर येऊन बसत नाही. दार लावून घेते.”

ते मला लागलं. पण जास्त लागलं ते रामदासचं बोलणं. तो इतका वेळ हसणारा माणूस एकदम खाली बघत म्हणाला, “मी तिला उपाशी नाय ठेवली कधी. मी नाय जेवलो असंल. तिला नाय ठेवली.”

बक्षीस घेताना मी जे भाषण केलं होतं, त्यात या फोटोतल्या बाईच्या मौनाबद्दल बरंच काही होतं. त्या मौनात नवरा होता, बोंबलाचं कालवण होतं आणि दुखरी दाढ होती हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला होता.

“मग हा लावू नको म्हणता?” मी मंजुळाबाईला विचारलं.

तिने मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. “मला काय, माझी दाढ गेली ती गेली. पन ही कॉलेजला जाती. लोक हिला विचारतील. आन ह्याला वाईट वाटलं. नको लावू.”

“नाही लावत.”

“आन ह्यो माझ्याकडं ठेवते,” तिने फोटो उचलला. वैशाली म्हणाली, फाडून टाक. मंजुळाबाई म्हणाली, “का फाडू? मीच हाय ना त्यात.” तिने तो पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली नेऊन ठेवला.

रेंजचा दगड

फोनला रेंज फक्त पाड्यामागच्या टेकाडावर मिळते. तिथे एक मोठा सपाट दगड आहे आणि सगळे तिथेच बसून बोलतात. वैशाली मला वाट दाखवायला आली आणि मी बोलत असताना जरा लांब, पाठ करून बसली.

“उतरव?” शुभांगी म्हणाली. “अलके, बॅनर लागून तीन दिवस झाले. कार्डं गेलीत. तोच फोटो बघायला लोक येणार आहेत.”

“तिला भूक नव्हती. दाढ दुखत होती.”

शुभांगी आधी हसली, मग थांबली. “हे बघ, फोटो खोटा नाही ना? त्या पालांत उपाशी माणसं नसतात का? एका बाईच्या चेहऱ्यातून ते लोकांना कळत असेल तर काय बिघडलं?”

हा प्रश्न वाईट नव्हता. मी स्वतः तो सात वर्षं वेगवेगळ्या शब्दांत वापरला होता.

“भूक असेल,” मी म्हटलं. “तिची नव्हती. तिचा चेहरा मी दुसऱ्या कुणासाठी उसना घेतला आणि तिला सांगितलंही नाही. तिची मुलगी तुझ्याच रस्त्यावरच्या कॉलेजात शिकते, शुभे.”

“उद्या सकाळी उतरवते,” शुभांगी शेवटी म्हणाली. “पण मोकळ्या भिंतीवर काय लावायचं ते तू बघ. मी चिडलेय तुझ्यावर, ते वेगळं.”

रात्री नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी होती. आमच्याकडची जोंधळ्याची भाकरी मोठी, पांढरी आणि पातळ. ही काळसर आणि गोडसर. मी तीन खाल्ल्या. रामदास माझ्या ताटाकडे बघत होता आणि तिसरी घेतली तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. माझ्या आईपासून त्यांच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या दाढांची चौकशी करून झाली. एकदा विषय निघाला की प्रत्येकाकडे दाढेची एक गोष्ट असते.

खळं

सकाळी उठले तर मंजुळाबाई न्हाऊन, केसांना तेल लावून तयार होती. हिरवं लुगडं नेसली होती, गळ्यात काळी पोत होती.

“आता काढ,” ती म्हणाली. “पन थांब. आरसा आन.” हे वैशालीला.

हाताएवढा आरसा आला, कंगवा आला. मंजुळाबाईने भांग नीट केला, कपाळावरचं कुंकू बोटाने गोल केलं. मी कॅमेरा घेऊन उभी होते आणि मला माझा स्टुडिओ आठवला. आमच्याकडे दारातच आरसा आहे, कंगवा आहे, पावडरचा डबा आहे. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक आरशापुढून हलेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. पासपोर्टच्या फोटोसाठीसुद्धा मी हा नियम पाळते. रस्त्यावरच्या माणसांना मात्र एवढ्या वर्षांत मी कधी आरसा दिला नव्हता. त्यांनी केस नीट केले असते तर माझा फोटो बिघडला असता.

मंजुळाबाईला फोटो कुठे काढायचा हे ठरलेलं होतं. खळ्यावर, नागलीच्या राशीशेजारी. राशीला वैशालीने झेंडूचं एक फूल टोचलं. मी म्हटलं, उपणताना काढू का? काल फार छान दिसत होतात. ती म्हणाली, “कामाचा नको. काम रोजच हाय.” ती ताठ उभी राहिली, हात सरळ खाली, नजर थेट लेन्समध्ये. मग रामदासला हाक मारून शेजारी उभं केलं, मग पुन्हा बाजूला केलं. “एक माझा एकटीचा.”

माझ्या सवयीच्या डोळ्याला तो फोटो अवघडलेला वाटला. प्रकाश समोरून, सावली नाही, बाई लग्नातल्या पाहुणीसारखी उभी. मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिला दाखवला. तिने पदराने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

“रास सगळी नाय आली,” ती म्हणाली. “मागं हो की.”

मी मागे झाले, इतकी की कुंपणाला टेकले. रास सगळी आली. मागचा बंधाऱ्याचा काठ आला, वालाचे वेल आले. तिने मान हलवली तेव्हा मी थांबले. मग सगळा पाडा आला. कुणाला बैलजोडीसोबत पाहिजे, कुणाला नव्या शेळीसोबत, एका आजोबांना रेडिओ मांडीवर घेऊन. दुपारपर्यंत मी उभी होते आणि इतका आनंदाचा दिवस मला बऱ्याच दिवसांत आठवत नाही. रामदासने तेवढ्यात ओहोळातून माझ्या बुटाचा तळ शोधून आणला आणि तारेने शिवूनही दिला. तो बूट मी अजून वापरते.

निघताना मी म्हटलं, “प्रदर्शनाला याल का? तुमचा हा फोटो तिथे लावते, तुम्ही हो म्हणत असाल तर.”

“आता तर मीच काढायला लावला,” मंजुळाबाई म्हणाली. “यू की.”

गंगापूर रोड

ती येईल असं शुभांगीला वाटत नव्हतं. हॉलबाहेरचा बॅनर उतरला होता, त्याच्या दोऱ्या तेवढ्या झाडाला लोंबत होत्या. शुभांगी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. पण नवा फोटो छापून आला तेव्हा तिने तो स्वतः मधल्या भिंतीवर लावला, दोनदा लांब जाऊन बघितला, आणि “हिच्याकडे बघून कुणी हळहळणार नाही बाई,” असं म्हणाली. तक्रार होती की कौतुक ते मी विचारलं नाही. फोटोखाली पट्टी लावली: मंजुळाबाई रामदास भोये, खळ्यावर.

साडेदहाच्या सुमारास ते तिघं आले. तेच हिरवं लुगडं, रामदासच्या डोक्यावर स्वच्छ टोपी, वैशालीबरोबर वसतिगृहातल्या तिच्या दोन मैत्रिणी. मंजुळाबाई आपल्या फोटोपुढे उभी राहिली. लोक आधी फोटोकडे बघत, मग तिच्याकडे, आणि ओळखून हसत. एका प्राध्यापकबाईंनी तिला नागली कशी पेरतात ते विचारलं. तिने वीस मिनिटं सांगितलं. वैशाली शेजारी उभी होती आणि एखादा शब्द त्या बाईंना कळला नाही की सांगत होती. मी लांबून बघत होते. कॅमेरा मी मुद्दाम शुभांगीच्या टेबलात ठेवला होता.

मग मंजुळाबाई बाकीचे फोटो बघायला निघाली. ती भराभर बघत नव्हती. प्रत्येकापुढे थांबायची.

“ह्यो कोन?”

“मालेगावजवळ भेटला होता. भंगार गोळा करायचा.”

“नाव काय?”

“नाही विचारलं.”

“ही?”

“पुण्याला पुलाखाली राहायची.”

“ह्यांना माहीत हाय का, ते इथं लागलेत?”

“नाही.”

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. ती फक्त विचारत होती, जशी पाहुणी घरातल्या भिंतीवरच्या फोटोंबद्दल विचारते. वैशाली खालच्या पट्ट्या वाचून दाखवत होती. ‘वाट’. ‘थकवा’. ‘उरलेलं’. एकेक शब्द ऐकताना मला ते फार छोटे वाटू लागले.

कोपऱ्यातल्या एका फोटोपुढे मंजुळाबाई थबकली. पंचवटीतली एक म्हातारी, झेंडूच्या ढिगात बसलेली, माळ ओवताना मान खाली, तोंडावर पहाटेचा उजेड. तो फोटो मी ‘भूक’च्याच फेरीत काढला होता.

“अगं बया, ही तर आमची फुलवाली आजी,” मंजुळाबाई म्हणाली. “काम नसंल त्या दिशी मी हिच्याकडं फुलं ओवायला बसायची. अजून बसती ती फुलबाजारात. तिला दाखवलास का?”

“नाही.”

“मग काढ खाली. आमची गाडी तिकडनंच हाय. जाता जाता देऊ.”

शुभांगी जवळच उभी होती. मला वाटलं आता ही काही म्हणेल. तिने पुढे होऊन फ्रेम खिळ्यावरून काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. “आणखी किती भिंती मोकळ्या करणार आहेस ते सकाळी सांग,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा नीट हसली.

फुलबाजार

पंचवटीतल्या गल्ल्यांत रिक्षा एका जागी अडकली ती अडकलीच. आम्ही उतरून चालत गेलो. मंजुळाबाई पुढे, फ्रेम काखेत घेऊन, मागे रामदास आणि वैशाली, शेवटी मी. दुपारची वेळ, बाजार ओसरलेला. पायाखाली देठं आणि पाकळ्या, ओल्या गोणपाटांचा वास. मिरजेच्या मंडईतही फुलवाल्या असतात, पण त्या गजरे विकतात आणि भांडतात. इथे सगळ्या खाली मान घालून ओवत होत्या, हात आपोआप चालत होते आणि गप्पाही.

आजी एका भिंतीला टेकून बसली होती. फोटोपेक्षा वाळलेली, पण तीच. मंजुळाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली. दोघींची आधी चौकशी झाली. पोरगी केवढी झाली, बंधारा कसा हे, गुडघे कसे हेत. मग मंजुळाबाईने माझ्याकडे बोट केलं. “ही ताई मिरजेहून आली. तुला काही द्यायचं हे तिला. आन विचारायचं पन हे.”

मी पुढे जाऊन जमिनीवर बसले. वर्तमानपत्र सोडलं आणि फ्रेम तिच्यापुढे धरली. म्हटलं, “आजी, सात वर्षांपूर्वी मी तुमचा हा फोटो काढला. तुम्हाला न विचारता. लोकांना दाखवला, तेही न विचारता. चालेल का तुम्हाला? नसेल चालत तर तसं सांगा.”

आजीने ओल्या हातांवरच्या पाकळ्या झटकल्या, हात लुगड्याला पुसले आणि फ्रेम घेतली. तिने स्वतःकडे बराच वेळ पाहिलं. फोटोतल्या माळेवरून बोट फिरवलं.

“झेंडू चांगला होता त्या वर्षी,” ती म्हणाली. “ठेव की. दाखव कुणाला दाखवायचा तो.” मग तिचं बोट खालच्या पट्टीवर आलं. “हे काय लिवलंय?”

वैशालीने वाचलं, “श्रद्धा.”

आजीने भुवया वर केल्या आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

“श्रद्धा कोन?” ती म्हणाली. “माझं नाव सरस्वती हे.”

शेजारची फुलवाली हसली, मंजुळाबाई हसली, आणि मग मलाही हसू आवरेना. मी नखाने ती पट्टी उचकटून काढली. तिची कोरी बाजू वर करून मांडीवर सपाट केली आणि पर्समधून पेन काढलं.

“सांगा आजी. पूर्ण सांगा.”

आजी जरा सरळ बसली. एकेक शब्द मला नीट लिहिता यावा म्हणून सावकाश, वर्गात हजेरी देतात तसं तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग सासरचं गाव, आणि मी लिहिणं थांबवतेय असं पाहून म्हणाली, “थांब, माहेरचं बी लिव.”

मी ते पण लिहिलं.